कार्डाची मुदत दोन वर्षं, हाताची किती?

पत्र:

"मी ३३ वर्षांची, बीएएमएस. सहा वर्षं एका रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर म्हणून काम करते. आमची गाडी कोकणात एका घाटाच्या पायथ्याशी उभी असते. अपघात, बाळंतपणं, साप-विंचू, छातीत दुखणं, सगळं येतं. नोकरीला लागले तेव्हा ट्रेनिंग चांगलं झालं होतं, बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या पुढच्या उपचारांचं) दोन्हीची कार्डं मिळाली. त्यांची मुदत संपून आता चार वर्षं होतील. मधे तीनदा 'रिफ्रेशर'ला बोलावलं. चहा, प्रोजेक्टरवर स्लाइड, हजेरीच्या कागदावर सही आणि ग्रुप फोटो. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, टेबलावर होतं, पण त्याला कुणी हातही लावला नाही.

दीड महिन्यापूर्वी रात्री पावणेतीनला ५४ वर्षांच्या एका गृहस्थांना गाडीत घेतलं, छातीत दुखत होतं. अर्ध्या घाटात त्यांची शुद्ध गेली, नाडी लागेना. मी छाती दाबायला लागले. आमचे पायलट (चालक) काका पुढून म्हणाले, 'मॅडम, गाडी थांबवू का?' मी म्हटलं, 'नको, चालवा.' शॉक देणाऱ्या मशीनचे पॅड लावायचं सुचलं तोवर किती मिनिटं गेली होती, मला सांगता येत नाही. हॉस्पिटलला पोचल्यावर त्यांना मृत घोषित केलं. मला कुणी काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं. अजून रात्री त्याच वेळेला जाग येते.

एसीएलएस पुन्हा करायचं तर पैसे पदरचे भरावे लागतील. भरू का? आमचे एक सीनियर म्हणतात, 'सहा वर्षांचा अनुभव हेच ट्रेनिंग, कार्ड काय करायचंय?' त्यांचं बरोबर आहे का? आणि नवीन लागलेला २२ वर्षांचा ईएमटी (रुग्णवाहिकेतला तंत्रज्ञ) मुलगा रोज मागे लागतो, 'मॅडम, शिकवा ना.' मलाच येत नाही असं वाटत असताना त्याला काय शिकवू? नवरा म्हणतो, सोड ही नोकरी, गावात दवाखाना टाकू."

— एक वाचक, कोकण

उत्तर:

डॉक्टर, प्रश्न तुम्ही बरेच विचारलेत, पण पत्र आहे एकाच रात्रीचं. म्हणून आधी त्या रात्रीबद्दल बोलते, पैशांचं मागून बघू.

त्या रात्री पॅड आधी लागायला हवे होते. तुम्हाला हे माहीत आहे, म्हणूनच जाग येते. तेव्हा मी उगीच पाठीवरून हात फिरवत नाही. हृदय नुसतं थरथरत असेल आणि कुणीच छाती दाबत नसेल, तर शॉकच्या उशिराच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. कुणी नीट दाबत असेल तर ही घट ३ ते ४ टक्क्यांवर येते. तुम्ही दाबत होतात, त्यामुळे घड्याळ मंद चालत होतं. ते गृहस्थ वाचलेच असते, असं मात्र छातीठोकपणे कुणीही सांगू शकणार नाही. थांबलेलं प्रत्येक हृदय शॉकला दाद देत नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. घाटातल्या वळणावर चालत्या गाडीत दाबणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. एक हात वरच्या दांडीला, गुडघा स्ट्रेचरला अडवलेला, आणि प्रत्येक वळणाला आपलंच वजन भलतीकडे. खोली धड मिळत नाही, लय तुटते, वर तुम्ही स्वतः आपटायची भीती. शिवाय मशीन हृदयाची लय तपासत असताना गाडी हलत असेल तर त्याला हादरे आणि हृदय यांत फरक करता येत नाही. म्हणून गाडी बाजूला घ्यायची, पॅड लावायचे, मशीनला बघू द्यायचं, शॉक द्यायचा आणि लगेच पुन्हा दाबायला लागायचं. काकांना हे कुणी शिकवलं होतं की त्यांनी अनुभवानं ओळखलं, ते त्यांना विचारा. तुम्ही 'चालवा' म्हणालात, कारण आपल्याकडे रुग्णवाहिका म्हणजे पळवायची गाडी हे सगळ्यांच्याच अंगात मुरलेलं आहे. नातेवाईकही तेच ओरडत असतात. रात्री पावणेतीनला डोकं सवयीच्या रस्त्याने धावतं. ती सवय बदलायचं काम ट्रेनिंगचं, आणि तुमच्याकडे ते सहीच्या कागदावर झालं.

तुमचे सीनियर म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. सहा वर्षांत तुम्ही किती व्हेनफ्लॉन (सलाईनसाठी शिरेत घालायच्या नळ्या) लावले असतील? हजाराच्या वर असतील. चालत्या गाडीत, टॉर्चच्या उजेडात, घामेजल्या हातावर शीर सापडते, आणि सापडली की नाही ते लगेच कळतं. रक्त परत आलं तर आत, नाही तर बाहेर. ज्या कामाची पावती तिथल्या तिथे मिळते, ते काम अनुभवानं सुधारतं. छाती दाबण्याची पावती कोण देतं? तुम्ही साडेतीन सेंटीमीटर दाबलंत की साडेपाच, हे पेशंट सांगत नाही. आणि अशी केस तुमच्या वाट्याला वर्षातून किती वेळा येते? चुकीची पद्धत सहा वर्षं न टोकता चालू राहिली तर तीच पक्की होते. तिलाही आपण अनुभवच म्हणतो.

माझीच गोष्ट सांगते. भूलतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काम केलं आणि हे कोर्स शिकवलेही. पाच-सहा वर्षांपूर्वी एका वर्गात खोली आणि वेग स्क्रीनवर दाखवणारं नवं मॅनिकिन आलं. मुलांना दाखवावं म्हणून आधी मीच दाबायला बसले. वेग उत्तम, खोली बरी, आणि स्क्रीनवर सारखा लाल दिवा. दोन दाबांच्या मधे मी छातीवरचं वजन पूर्ण उचलतच नव्हते. छाती पुरती वर येऊ दिली नाही तर हृदयात रक्त परत भरणार कुठून? हे वाक्य मी शेकडो विद्यार्थ्यांना ऐकवलं होतं. माझे हात किती वर्षं भलतंच करत होते, देव जाणे. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डावर मुदत दोन वर्षांची असते. ती झाली कागदाची. हातातलं कसब त्याच्या कितीतरी आधी ओसरतं. प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांत सीपीआरचा (छाती दाबणं आणि श्वास देणं) दर्जा घसरायला लागतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून हल्ली दोन वर्षांनी एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा थोडं थोडं आणि वारंवार करून घेण्यावर भर असतो. पेटीवर रोज पंधरा मिनिटं बोटं फिरवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, शिकलेलंच जुनं होतं. मी शिकले तेव्हा आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण असा क्रम होता. २०१० मध्ये तो उलटला आणि छाती दाबणं पहिलं आलं. एके काळी छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावत होतो, आता हृदयविकाराच्या पेशंटचं सॅच्युरेशन चांगलं असेल तर लावायचं कारण उरलं नाही. अपघातातल्या प्रत्येकाला कडक स्पाइन बोर्डवर आवळून तासभर न्यायचो, आता तो बोर्ड मुख्यतः उचलण्या-सरकवण्यापुरता. हातापायातून भळाभळा रक्त जात असेल तर आवळपट्टी हा 'शेवटचा उपाय' मानायचो, आता दाबूनही थांबत नसेल तर ती लवकर आणि वेळ लिहून लावायची. आणि २०२५च्या नव्या मार्गदर्शक सूचना तुम्ही बहुतेक पाहिल्या नसतील. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची पद्धत त्यांनी काढून टाकली. आता एका हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा भाग वापरायचा किंवा दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी दाबायचं, कारण दोन बोटांनी पुरेशी खोली मिळत नाही. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला आता आधी पाठीवर पाच थपडा आणि मग पोटावर पाच धक्के, असं आळीपाळीने. तुमचं कार्ड याच्या आधीचं. तुमच्या सीनियरांचा अनुभवही बराचसा याच्या आधीचाच.

तर रोजच्या कामात हे बसवायचं कसं? अमेरिकेत ईएमटीला राष्ट्रीय नोंदणी टिकवायची तर दोन वर्षांत ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, पॅरामेडिकला ६०. चाळीस ऐकून दडपण येतं. पण महिन्यावर काढलं तर एक तास चाळीस मिनिटं होतात, आणि आठवड्याला पंचवीस मिनिटंसुद्धा नाहीत. गाडी उभी असताना यापेक्षा जास्त वेळ मोबाइलवर जातो (माझाही जातो, म्हणून बोलते). आपल्याकडे २०२१ सालच्या राष्ट्रीय अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसाय आयोगाच्या कायद्यानं आपत्कालीन पॅरामेडिकलाही मान्यताप्राप्त व्यावसायिकांच्या यादीत घेतलंय, त्यामुळे तुमच्या त्या ईएमटी मुलाच्या पिढीला शिक्षणाचा हिशोब पुढेमागे द्यावाच लागेल. तुम्ही आजच वही घातलीत तर बरं.

आठवड्यातला एक वार धरा. शिफ्ट बदलताना गाडीची तपासणी तुम्ही करताच. त्यालाच पंधरा मिनिटं जोडायची, तुम्ही, काका आणि तो मुलगा तिघांनी मिळून. पहिल्या आठवड्यात फक्त पॅड. मुलगा स्ट्रेचरवर झोपेल, तुम्ही 'नाडी नाही' म्हणाल आणि काका घड्याळ लावतील. मशीन उचलून पॅड जागेवर जाईपर्यंत किती सेकंद लागले ते वहीत लिहा (खऱ्या पॅडचं पाकीट फोडू नका, मुदत संपलेले जुने पॅड मागून ठेवा). पहिल्या वेळी आकडा बघून तुम्हाला धक्का बसेल. बहुतेक वेळ पॅडमध्ये जात नाहीच, मशीनवर ठेवलेल्या ब्लँकेटमध्ये, त्याच्या पट्ट्यात आणि 'कात्री कुठंय' यात जातो. शर्ट कापायची कात्री मशीनच्या पिशवीलाच दोरीनं बांधा. चौथ्या आठवड्यात तो आकडा निम्म्यावर आलेला दिसेल.

दाबण्याचा सराव मॅनिकिनवरच व्हायला हवा. माणसावर तर चुकूनही नाही. सेवेकडून मिळत नसेल तर जवळच्या नर्सिंग कॉलेजात विचारा, त्यांच्याकडे ते बहुधा कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत झोपलेलं असतं. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं अ‍ॅप) उतरवून ११०वर लावा. मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच सेंटीमीटर तरी आणि सहाच्या वर नाही, वजन पूर्ण उचलायचं, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दोन मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण दीड मिनिटाला दंड बोलायला लागतात, आणि थकलेल्याला आपण थकलोय हे कळायच्या आधीच खोली कमी होते. गाडीत मागे तुम्ही दोघंच असाल तर अदलाबदल कशी करायची, कोण कुठल्या बाजूनं सरकणार, हे उभ्या गाडीत ठरवून ठेवा. घाटात ते ठरत नाही.

या मॅनिकिनची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे की नाही माहीत नाही. १९६० मध्ये नॉर्वेतल्या ऑसमुंड लेरडाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं पहिली 'रेससी अ‍ॅन' तयार केली. तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनामिक मुलीचा म्हणून प्रसिद्ध झालेल्या मुखवट्याचा. ओळख नसलेली ती मुलगी साठ-पासष्ट वर्षं जगभरच्या शिकाऊ हातांखाली आहे. तिला टेबलावर ठेवून तिच्यासोबत ग्रुप फोटो काढणं मला जरा जास्तच लागतं, ते यामुळे.

अँब्यू बॅगवर (तोंडावर मास्क धरून हाताने श्वास द्यायची पिशवी) मात्र वेगळा वेळ द्या. कोकणात तो हात छाती दाबणाऱ्या हातापेक्षा जास्त माणसं वाचवेल. नाग किंवा मण्यार चावलेल्याचं बघा. मण्यार रात्री अंथरुणात चावते, जागेवर फारशी सूज नाही, वेदना नाही, माणूस 'पोटात दुखतंय' म्हणतो आणि पहाटे पापण्या जड होतात. पापण्यांनंतर घसा, घशानंतर श्वास. हृदय धडधाकट असतं, श्वासाचे स्नायू तेवढे झोपतात. अशा माणसाला प्रतिविष आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत कुणीतरी बॅग दाबत राहिलं तर तो पुढे चालत घरी जाऊ शकतो. पण मास्कमधून हवा गळत असेल तर बॅग दाबणं नुसतं दिसायला. अंगठा आणि तर्जनीनं मास्क वरून धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा मास्ककडे उचलायचा. बोटं हाडावर हवीत, हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभच मागे ढकलली जाते. पकड एकटीला जमत नसेल तर दोन हातांनी मास्क तुम्ही धरा आणि बॅग मुलाला दाबू द्या. यात कमीपणा काही नाही. आणि सावकाश. नाडी असलेल्या मोठ्या माणसाला सहा सेकंदांनी एक श्वास, तोही छाती जेमतेम उचलेल एवढाच. घाबरलेला माणूस सेकंदाला एक देतो. हवा पोटात जाते, उलटी होते, आणि मग सक्शनची (घशातली घाण ओढून घेणाऱ्या यंत्राची) शोधाशोध.

सिलिंडरचं गणितही तिघांनी एकदा तोंडपाठ करा. बी टाइप सिलिंडर भरलेला असताना त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, दाबाचा काटा १५०च्या आसपास. मिनिटाला १० लिटर लावलात तर अडीच तास. काटा ७५वर असेल तर ७५० लिटर, म्हणजे सव्वा तास. तुमच्याकडून जिल्हा रुग्णालय दोन तासांवर असेल तर 'अर्धा आहे, चालेल' हे न चालणारं वाक्य आहे. निघायच्या आधी हे काकांनी करून सांगायचं, तुम्ही नाही. तुम्ही पेशंटजवळ असता.

बाळंतपणांचं तुम्ही एका शब्दात आटोपलंत. बहुतेक बाळं आपापली रडतात म्हणूनच ते काम सोपं वाटतं. जे रडत नाही त्याच्यासाठी पहिलं मिनिट महत्त्वाचं. कोरड्या उबदार कापडानं नीट पुसायचं, पाठ चोळायची, आणि तरीही श्वास नसेल तर त्या मिनिटाच्या आत बॅग सुरू, मिनिटाला ४० ते ६० श्वास. ड्रॉवरमध्ये नवजात बाळाचा मास्क आणि छोटी बॅग आहे का ते आज रात्रीच बघा. सगळ्यात तळाशी, मोठ्या मास्कांच्या खाली गेलेली असते. सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून आहे, त्याचं प्रशिक्षण याच गोष्टीचं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांची बॅच लागेल तेव्हा 'आम्हालाही बसू द्या' म्हणून विचारा.

तुम्हाला रात्री जाग आणणाऱ्या गोष्टीकडे परत येते. 'मला कुणी काही विचारलं नाही' हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य. अवघड केस सोडून आलात की गाडी धुवायच्या आधी दहा मिनिटं तिघांनी बसायचं. काय झालं, कधी झालं, काय नीट जमलं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. काकांनी आधी बोलायचं, तुम्ही शेवटी, कारण डॉक्टर आधी बोलल्या की बाकीचे माना हलवतात. आवाज चढवायचा नाही आणि 'तू'नं सुरू होणारी वाक्यं टाळायची. बहुतेक मशीनच्या मेमरीत वेळा आणि लय उतरलेली असते, ती काढायला सेवेच्या बायोमेडिकलवाल्याला सांगा. त्या रात्रीचीही अजून असेल तर जरूर बघा. मनातल्या आकड्यापेक्षा खरा आकडा क्वचितच जास्त भयंकर असतो.

दुसरं, सोडलेल्या पेशंटचं पुढे काय होतं हे रुग्णवाहिकेवाल्याला कळतच नाही, आणि शिकण्यातली ती सगळ्यात मोठी गळती. ज्या दोन-तीन रुग्णालयांत तुम्ही पेशंट सोडता, तिथल्या कॅज्युअल्टीच्या सिस्टरांशी ओळख वाढवा. दुसऱ्या दिवशी एक फोन: काल रात्रीचे काका कसे आहेत? मी सलाईन जास्त दिलं का? ईसीजीत तुम्हाला काय दिसलं? पेशंटचं नाव-गाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही. वहीत वय, वेळ, काय दिसलं, काय केलं, पुढे काय झालं, एवढं पुरे. तुमच्याच कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचं कोडं असंच सोडवलं. पेशंटच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, फुप्फुसातलं पाणी टिपत गेले, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं, आणि ते काम 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचलं. तुमच्या वहीतून 'लॅन्सेट' निघेल असं म्हणत नाही. पण पावसाळ्याआधी फुरशाच्या आणि पेरणीच्या दिवसांत मण्यारीच्या किती केस येतात, त्या सोडायला किती वेळ लागतो, हे तुमच्या तालुक्यात तुमच्याइतकं नीट कुणालाच सांगता येणार नाही. प्रयोग मात्र वहीपुरते. औषधं सेवेच्या लेखी प्रोटोकॉलच्या बाहेर जाऊन द्यायची नाहीत, अडलं तर कंट्रोल रूमच्या डॉक्टरांना फोन.

आता पैसे. हो, भरा. आधी बीएलएस, मग एसीएलएस. बीएलएसचे हात कच्चे असताना एसीएलएसला गेलात तर औषधांचे डोस पाठ होतील आणि पॅडला पुन्हा उशीर होईल. पण भरण्याआधी सेवेला एक साधं पत्र द्या. कार्डाची मुदत संपल्याची तारीख, गाडीचा प्रकार, फी आणि दोन दिवसांची ड्युटी रजा एवढंच मागायचं, तक्रारीचा सूर नको. फी नाही मिळाली तरी रजा मिळते, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. आणि पत्राची पोच घ्या. केंद्र निवडताना स्वस्त-महाग नंतर बघा, आधी विचारा की एका मॅनिकिनमागे किती जण असतात. तीन ठीक, आठ-दहा असतील तर तुम्ही बघायला जाताय, करायला नाही. मॅनिकिन खोली-वेग दाखवणारं आहे का, हेही विचारा. अमेरिकन हार्ट असोसिएशननं मोठ्या माणसांच्या सीपीआरच्या कोर्सला ते २०१९ पासून सक्तीचं केलंय. कार्ड ऑनलाइन पडताळता येतं, तेव्हा पडताळून बघा. 'घरबसल्या दोन तासांत सर्टिफिकेट' अशा जाहिरातीला फोनही करू नका. छाती कुणालाही ऑनलाइन दाबता येत नाही.

एवढे पैसे एकदम झेपत नसतील तर इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचे भारतीय परिस्थितीला धरून बांधलेले कोर्स आहेत, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्टच्या कार्यक्रमात डॉक्टर, नर्स, पॅरामेडिक यांच्यासाठी प्रशिक्षण असतं. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबला जाऊन विचारा, फोनवर नीट उत्तर मिळत नाही. एसीएलएस झालं की पुढच्या वर्षी ट्रॉमाचा (अपघाती जखमांचा) कोर्स. महामार्गाच्या गाडीला तो लागतोच. सगळं एका वर्षात उरकायची घाई नको.

त्या मुलाला शिकवा. या आठवड्यापासूनच, कार्डाची वाट न बघता. 'मला येत नाही' असं वाटतं ना, मग त्याला तसंच सांगा. 'माझं कार्ड संपलंय, चल, आपण दोघं मिळून बसवू.' बावीस वर्षांच्या मुलाला सगळं येणाऱ्या मॅडमपेक्षा चुकलेलं कबूल करणाऱ्या मॅडम जास्त शिकवून जातात. शिवाय शिकवताना 'का?' असा प्रश्न येतो, आणि मग रात्री पुस्तक उघडावंच लागतं. काकांनाही सोबत घ्या. गाडीत हात तीनच जोड आहेत, आणि त्यातला सगळ्यात अनुभवी जोड पुढे बसलेला असतो.

नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रात्रपाळी, घाट, घरी लहान मूल असेल तर तेही (तुम्ही लिहिलं नाहीत), सोडायची कारणं रास्त असू शकतात. पण ही एक केस हे कारण धरून सोडू नका, ती तुमच्यासोबत दवाखान्यातही येईल. आणि दवाखान्याच्या बाकावरही माणूस कोसळतो. तिथे तर मशीनही नसतं. कोर्स करा, चार-सहा महिने वरचं सगळं करून बघा, मग दोघांनी मिळून ठरवा. दीड महिना त्याच वेळेला झोप मोडतेय, ते मात्र अंगावर काढू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ लावला की मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. आपण पेशंटला 'वेळेत का नाही आलात' म्हणून रागावतो ना.

काकांना पुढच्या वेळी विचारायची वेळच येऊ देऊ नका. तिघांत मिळून आत्ताच ठरवा की तुम्ही 'पॅड' म्हणालात की गाडी डावीकडे, इंडिकेटर चालू, आणि काका मागे. घाटात गाडी सुरक्षित उभी राहील अशा जागा त्यांना ठाऊक असतीलच. एकदा दिवसा जाऊन त्या तुम्हीही बघून या.

ता. क. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच साखळीनं बांधा. प्रत्येक गाडीत ती आदल्या शिफ्टवाल्याच्या खिशात असते.